प्रिंटर नसलेल्या घरातला प्रिंटर हेल्पर

४ जून

ठोंब्या,

आशीर्वाद पाकिटातच आहेत, शोधून घे.

पत्र पोस्टानं का पाठवलं, असं विचारशील. फोन चिरंजीवांनी दिलेला आहे, म्हणजे त्याला सूनबाईंचे कान आहेत. आणि कॉम्प्युटरचा मला संशय येतोय. कागदाला वायर नसते, एवढ्या एका गुणावर मी त्याचे बाकीचे सगळे दोष माफ करते.

संशय कशाचा ते सांगते. आधी सगळं वाच, मग डोकं खाजव. मध्यंतरी सूनबाईंनी पडदे पाठवले, फिकट हिरवे. त्या दिवशी मी कॉम्प्युटरवर माझ्यापुरतं टाईप केलं, ‘हे पडदे लावले आणि आपल्याला दवाखान्यात भरती केलंय असं वाटलं.’ कुणाला पाठवलं नाही, जपून ठेवलं नाही. लिहिलं आणि पुसलं. रविवारी सूनबाईंचा फोन. मधाळ आवाजात म्हणते, ‘आई, पडदे दवाखान्यासारखे वाटत असतील तर परत पाठवा हं.’ माझ्या पोटातलं हिच्या ओठांवर आलं कसं?

शिवाय मशीन असं रखडतंय की चालू करून चहा करावा, प्यावा, कप विसळून ठेवावा, तरी स्क्रीनवर ते गोल गोल फिरतंच आहे. पंखा तर असा घुरघुरतो, जणू आत कुणी जेवून झोपलंय.

तुझा दादा काय खटपट करतोय ते तुला ठाऊक आहे. ‘आई, या वयात एकटं राहणं सुरक्षित नाही.’ म्हणजे मी वृद्धाश्रमात जायचं आणि घर मोकळं करायचं. दोघं डॉक्टर म्हणाले की म्हातारीचं डोकं फिरलंय, की झालं, घर त्याच्या हातात. मी या घरातून निघेन ती आडवी, हे त्याला सांगून झालंय. त्यामुळे आतला भामटा कोण आहे हे मला कळलं पाहिजे.

मी त्या मशीनवर करते तरी काय? उभा जन्म कोर्टात टायपिस्ट म्हणून गेला. बोटं गंजू नयेत म्हणून रोज सकाळी चहाआधी एखादी जुनी जबानी आठवून धडाधड टाईप करते आणि पुसून टाकते. लोक फिरायला जातात, मी जबानी देते. एवढंच.

हे धूड तूच आणून बसवलंस, म्हणून तुझ्याच गळ्यात बांधते. साफ कसं करायचं ते नीट लिही. मला येत नाही असं समजून लिही, पण मला कळत नाही असं समजून लिहू नकोस.

आत्या

११ जून

ती. आत्या,

पोस्टातून जेवढं ठेवता येतं तेवढं डोकं पायावर ठेवतो.

घाबरायचं काम नाही. माझ्याकडे येणारं निम्मं गिऱ्हाईक हेच रडगाणं घेऊन येतं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान जिन्याखाली असल्यानं सगळी वाकून येतात, म्हणून वाटतं मान देतायत.

याला स्पायवेअर म्हणतात. म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा, जो जेवतो आपल्याकडे आणि चुगल्या करतो शेजारी. तुम्ही फुकटचे फॉन्ट उतरवता ना? त्या प्रत्येकाच्या शेपटीला काहीतरी बांधलेलं असतं. न वाचता ‘पुढे, पुढे, पुढे’ दाबत गेलात की ते उंबरा ओलांडतं.

तर आधी इंटरनेटची वायर काढा. चोराला धरायचं तर पहिल्यांदा दार लावायचं. मग सेटिंगमध्ये जाऊन बसवलेले प्रोग्राम बघा. जे ओळखीचं नाही, जुनं आहे, नुसतं जागा अडवून बसलंय, ते बिनदिक्कत काढून टाका, दयामाया नको. ब्राउझरच्या कपाळावर ज्या पट्ट्या चढल्यात त्याही उतरवा. अँटीव्हायरस एकच ठेवा, दोन ठेवले तर एकमेकांनाच चोर समजून भांडत बसतात. मग वायर लावून त्याला ताजा करा आणि पूर्ण तपासणी लावून द्या, मध्ये उठवू नका. विंडोजचे अपडेट तुम्ही ‘नंतर’ म्हणून टाळता, ते टाळू नका. पासवर्ड बदला, दादाच्या जन्मतारखेचा आहे तो शेंबडं पोरही ओळखेल. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावा.

एक मात्र लक्षात ठेवा. ‘प्रिंटर हेल्पर’ म्हणून एक प्रोग्राम दिसेल, त्याला हात लावू नका. अँटीव्हायरस त्याच्यावर भुंकेल, तुम्ही ‘परवानगी द्या’ दाबा. तो काढला तर सगळंच बसेल आणि मला गाडी करून यावं लागेल.

पडद्यांचं म्हणाल तर योगायोग. वहिनींना स्वतःलाच ते तसे वाटले असतील.

तुमचा ठोंब्या

२० जून

ठोंब्या,

कंबर कसून बसले आणि सगळं केलं. आत काय काय सापडलं म्हणून सांगू! एक सवलतीची कूपनं वाटणारा, एक भलत्याच गावचं हवामान सांगणारा, एक ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे’ म्हणून ओरडणारा, आणि धोका तोच. ब्राउझरवर पट्ट्या इतक्या की मजकुराला खिडकीएवढी जागा उरली होती. सगळ्यांना अर्धचंद्र दिला. आता मशीन चहाला आधण यायच्या आत उभं राहतं. पासवर्ड बदलला. काय ठेवला ते तुला सांगत नाही, पण टाईप करताना दर वेळी बरं वाटतं.

तुझा प्रिंटर हेल्पर तसाच ठेवलाय. अँटीव्हायरस खरंच भुंकला, मी तू सांगितल्याप्रमाणे राखणदारालाच गप्प केलं. फक्त एक विचारायचं होतं. माझ्याकडे प्रिंटर नाही. होता तो ‘भंगारात देतो’ म्हणून तू घेऊन गेलास आणि दुकानात मांडलास, हे मला ठाऊक आहे. मग हा हेल्पर इथं बसून कुणाला हेल्प करतो? असो. तज्ज्ञ तू.

बाकी नवल म्हणजे चिरंजीवांचा एक मित्र ‘सहज इकडून चाललो होतो’ म्हणून डोकावला. निघाला डॉक्टर. गप्पा मारता मारता विचारतो, आज वार कोणता, शंभरातून सात वजा केले तर किती. मी म्हटलं, ‘त्र्याण्णव. आता तुम्हीही वजा व्हा.’ हसला, पण लिहून घेतलं. मी केलेल्या चहाला मात्र त्यानं ओठ लावला नाही. कप तसाच गार झाला. माझा चहा आजवर न्यायाधीशांनी मागून घेतलाय. या गृहस्थाला काय धाड भरली होती, कोण जाणे.

आत्या

२७ जून

ती. आत्या,

छान झालं. प्रिंटर हेल्परचं असं आहे की प्रिंटर नसला तरी त्याची वाट बघणारं कुणीतरी मशीनला आत लागतंच, रचनाच तशी असते. तुम्ही त्यात पडू नका. आणि तो जुना प्रिंटर खरंच भंगार आहे, दुकानात नुसता शोभेला ठेवलाय.

डॉक्टरांचं मनावर घेऊ नका. दादाला काळजी वाटते, दुसरं काय? पण आत्या, माझं एक ऐकाल का? रोज उठून ते दुधात गोळ्या कालवल्याचं वगैरे टाईप करायचं सोडून द्या. माणूस काय उद्देशानं लिहितो हे दुसऱ्याला कुठं कळतं? बोटांना व्यायामच हवा तर एखादी पाककृती टाईप करा. किंवा वर्तमानपत्रातलं हवामान.

चहा मात्र मी येईन तेव्हा दोन कप घेईन.

तुमचा ठोंब्या

३ जुलै

काय रे ठोंब्या,

दूध कुठून आलं?

मी तुला एवढंच लिहिलं होतं की जुन्या जबान्या टाईप करते. कुठल्या, कुणाच्या, त्यात खून होता की कोंबडीचोरी, एक अक्षर लिहिलं नव्हतं. गोळ्या नव्हत्या, दूध नव्हतं, कालवणं तर नव्हतंच. ते सगळं मी फक्त माझ्या कीबोर्डवर टाईप केलं आणि पुसलं.

आमच्या कोर्टात एक म्हातारे वकील होते. साक्षीदाराला पिंजऱ्यात चढवण्याआधी त्याच्या कानात एकच सांगत. विचारलं तेवढंच बोल, आणि आठवत नसलं तर आठवत नाही म्हण. ज्याला विचारल्यापेक्षा जास्त माहीत असतं, तो साक्षीदार राहत नाही, आरोपी होतो. तू चढलास तो पिंजऱ्यात नव्हे, थेट फासावर.

त्या बाईची जबानी मला तोंडपाठ आहे, कारण साहेबांनी ती माझ्याकडून तीनदा टाईप करून घेतली होती. ‘मी गोळ्या कुटून दुधात कालवल्या. ती झोपेल एवढंच वाटलं होतं. ती उठलीच नाही.’ लय बघ कशी आहे. बोटांना त्याच्यासारखा व्यायाम नाही. आता मला त्या डॉक्टरच्या न प्यायलेल्या चहाचा अर्थ लागला. आणि सूनबाई गेल्या वेळी इथं दूध पिऊन दुपारपर्यंत झोपल्या होत्या, त्याचीही आता फेरतपासणी चालली असेल. ती रोजच दुपारपर्यंत झोपते, हे मात्र पुराव्यात येणार नाही.

तर प्रिंटर हेल्पर म्हणजे तू. भुंकणाऱ्या कुत्र्याला माझ्याच हातून गप्प करवलंस, शाबास. आता एकच सांग, तुला काय कबूल केलंय? पुढची खोली?

आत्या

९ जुलै

ती. आत्या,

तुम्ही मला उभा चिरलात.

मी काही वाचत नाही, शपथ. चालतंय का हे बघायला एक पान उघडलं, तर नेमकं ते दूध निघालं. पुढचं सगळं थेट दादाकडे जातं. तो म्हणाला, आई एकटी असते, पडली-झडली तर कळायला हवं. मी म्हटलं, दादा, पडलेला माणूस ‘मी पडलो’ असं टाईप करतो का? पण थोरल्यापुढं किती बोलायचं? आणि पुढच्या खोलीचं त्यानंच स्वतःहून काढलं. ‘आई तिकडे गेली की ती खोली तुला दुकानाला.’ मी मागितली नव्हती. नाही म्हटलं नाही, एवढंच. जिन्याखाली दिवसभर मान वाकडी करून बसणाऱ्यानं नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

आता खरं सांगतो. वायर काढा. प्रिंटर हेल्पर उडवा. तो काढताना पासवर्ड मागेल, तुमची जन्मतारीख टाका. ती दादाला आठवत नव्हती, मीच सांगितली. मग अँटीव्हायरसमध्ये परवानगी दिलेल्यांत त्याचं नाव आहे, तेही खोडा, नाहीतर तो परत येईल. आणि पासवर्ड या मशीनवरून बदलू नका. मागच्या वेळी बदललात तो तुम्ही दाबलेल्या अक्षरांसकट तिकडे पोचला. वाचून वहिनी रडल्या. वाचनालयातल्या मशीनवरून बदला.

आणि जबान्या थांबवा. दादा ती पानं छापून डॉक्टरला दाखवतोय. आयुष्यात एकदा या ठोंब्याचं ऐका. हे घर हातचं जाईल.

तुमचाच

१८ जुलै

ठोंब्या,

हेल्पर काढला नाही.

विचार कर. चिरंजीवांनी आजवर माझं एक पत्र शेवटपर्यंत वाचलं नाही. ‘आई, मुद्द्याचं लिही.’ आता तो माझा शब्दन् शब्द वाचतो, पुसलेलासुद्धा. असा वाचक हातचा कोण घालवेल?

वाचक आहे म्हटल्यावर लिहायला हुरूप येतो. काल थोडं लिहिलं. त्यात तू आहेस, आणि फार चांगला माणूस आहेस. दादा लवकरच तुला भेटायला येईल. काचेचं काही असेल तर आधी उचलून ठेव.

आत्या

२ ऑगस्ट

आत्या,

काय केलंत हे?

दादा आला. जिन्याखाली वाकायचं असतं हे त्याच्या लक्षात राहिलं नाही, कपाळ फुटलं, आणि तोही राग माझ्यावरच निघाला. हातात छापलेला कागद. तुम्ही म्हणे वकिलांना लिहिलंत की घर भाच्याच्या नावे करा, कारण ‘माझ्या मुलाच्या हेरगिरीची खबर मला त्यानंच दिली, तोच माझा खरा मुलगा.’ मी सांगत राहिलो की दादा, ती मला ठोंब्या म्हणते रे, ती मला पायपुसणं देणार नाही, घर कुठलं देते! त्यानं टेबल उलटं केलं. जे पडलं नव्हतं ते उचलून आपटलं.

ती माझी मशीन नव्हती, लोकांची होती. एक गृहस्थ आहेत, त्यांच्या गेलेल्या बायकोचे सगळे फोटो त्यातल्या एका मशीनमध्ये होते. दुसरीकडे कुठंच नव्हते. ते रोज संध्याकाळी येतात, नुसते वाकून उभे राहतात. त्यांना मी काय सांगू?

बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. म्हणाली, आत्याच्या घरावर डोळा ठेवणारा उद्या माझ्या आईच्या घरावर ठेवेल.

दादाला एकदा फोन करा. ते खोटं आहे एवढंच म्हणा. मी पाया पडतो, आणि या वेळी पोस्टातून नाही, खरंच.

८ ऑगस्ट

ठोंब्या,

त्या फोटोवाल्या गृहस्थांचं वाईट वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग.

फोनचं म्हणशील तर काही उपयोग नाही रे. तुझ्या दादाला सांगितलेलं कधीच खरं वाटलं नाही, चोरून वाचलेलं तेवढं खरं वाटतं. लहानपणीसुद्धा मी ‘बरणीत लाडू नाहीत’ म्हटलं की तो स्टूल घेऊन चढायचा. ते पत्र खोटं आहे असं मी टाईप करू शकते, मग त्याला पटेल. पण मग मी त्याच्यासाठी टाईप करते हेही त्याला कळेल, आणि माझा वाचक जाईल. तुझ्यासाठी एवढा तोटा मी का सोसावा?

तू माझ्या घरात कान पेरलास. मी त्या कानात फक्त फुंकर मारली. दुकान मोडलं म्हणतोस, तर बस जिन्याखाली. मान वाकडी करून बसायची तुला सवय आहे.

माझं उत्तम चाललंय. रोज सकाळी नवा मजकूर. काल घर पेटवणाऱ्या एका इसमाची जबानी टाईप केली, स्वल्पविरामासकट. शेवटी मनाचं एक वाक्य जोडलं, ‘सून येईल तेव्हा करीन.’ सूनबाईंनी रविवारचा फोनच केला नाही. इतकी शांत रविवार-दुपार कित्येक वर्षांत मिळाली नव्हती.

आत्या

१४ सप्टेंबर

प्रिय भाच्यास,

हे पत्र इथल्या स्वयंपाकीणबाई लपवून पोस्टात टाकणार आहेत. म्हणून थोडक्यात.

मला वृद्धाश्रमात आणून ठेवलंय. आडवी नाही निघाले, चालत निघाले. दोन्ही बाजूंनी दंडाला धरलेलं होतं. दोघं डॉक्टर आले होते, एक तोच, चहा न पिणारा. माझ्याच बैठकीत, माझ्याच खुर्चीवर बसून सूनबाईंनी माझी पानं मोठ्यानं वाचली. एकही स्वल्पविराम पाळला नाही. मी मध्येच म्हटलं, ‘तिथं थांबायचं असतं,’ तर डॉक्टरांनी एकमेकांकडे बघितलं.

मी सांगितलं, या जुन्या खटल्यांतल्या जबान्या आहेत, बोटांच्या व्यायामासाठी टाईप करते. ‘आणि सून येईल तेव्हा करीन?’ ती थट्टा, म्हटलं. ‘कुणाची?’ वाचणाऱ्याची. ‘म्हणजे कुणीतरी तुमचं लपून वाचतंय असं तुम्हाला वाटतं?’ मी हो म्हणाले. ते त्यांनी लिहून घेतलं. तुझा दादा तेव्हा खिडकीबाहेर बघत होता. हिरवे पडदे सारून.

इथं कीबोर्ड नाही. बोटं ऐकत नाहीत, चादरीवरच चालतात. परिचारिका त्याचीही नोंद घेते. रोज.

पुढच्या आठवड्यात एक चौकशी अधिकारी बाई येणार आहेत. त्यांच्या एका सहीवर मी घरी जाईन किंवा इथंच राहीन. त्यांनी फोनवर विचारलं, हे दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे का? मी तुझं नाव दिलं. त्या आधी तुझ्याकडे येतील. तू फक्त एक वाक्य बोल, की आत्या जबान्या टाईप करते हे मला आधीपासून माहीत होतं, आणि मशीनमध्ये तो हेल्पर मी घातला होता. बास. तुला कुणी पकडणार नाही, मी तक्रार करणार नाही.

दुकानाचं झालं ते वाईट झालं. तुझ्या बायकोला मी स्वतः पत्र लिहीन. यापुढे ठोंब्या म्हणणार नाही.

ये रे बाबा.

आत्या

३० सप्टेंबर

आत्या,

त्या बाई येऊन गेल्या. चांगल्या वाटल्या. जिन्याखाली वाकून आल्या, बसायला स्टूल दिलं तर आभार मानले. मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो.

त्यांनी विचारलं, तुमच्या आत्या सकाळी काय टाईप करतात ते तुम्हाला माहीत होतं का? मी म्हटलं, मी दुसऱ्याचं वाचत नाही. त्यांनी विचारलं, तो बोटांचा व्यायाम आहे असं त्या तुम्हाला कधी म्हणाल्या होत्या का? मी म्हटलं, आठवत नाही. सून येईल तेव्हा करीन, हे वाक्य जबानीतलं आहे का? मी म्हटलं, मी टायपिस्ट नाही. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी आपुलकीनं विचारलं, तुम्हाला अजून काही सांगायचंय का? एकदा तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात तुमचे ते म्हातारे वकील आठवले. ज्याला विचारल्यापेक्षा जास्त माहीत असतं, तो आरोपी होतो. मी नाही म्हटलं. सही झाली.

दादाशी समेट झाला. त्यानं तुमच्या वकिलांना विचारलं, तर त्यांच्याकडे कुठलं पत्र पोचलंच नव्हतं. त्यानं माझी माफी मागितली, कपाळावरचा टाका दाखवला. म्हणाला, झालं गेलं विसर, आता घरातलेच आपण दोघं उरलो. बायकोही परवा आली. मुलगी आधी एक खोली धावून बघते, मग दुसरी.

तुमचा कॉम्प्युटर मी स्वतः साफ केला. जे जुनं होतं, जागा अडवत होतं, ते सगळं काढलं. प्रिंटर हेल्परही काढला, आता त्याचं काम नाही. तो भंगारातला प्रिंटर इथंच आणून जोडलाय. अजून सुरेख छापतो.

वहिनींनी दिलेले हिरवे पडदे तुमच्या खोलीसाठी वेगळ्या पार्सलनं पाठवलेत. तिथं शोभतील.

पुढच्या खोलीत आता मान दुखत नाही. गिऱ्हाईक मात्र आत येताना अजूनही सवयीनं वाकतं, आणि वर जिना नाही हे कळलं की ओशाळतं. फोटोवाले गृहस्थही आले होते. तुमचा नमस्कार सांगितला.

पत्र टाकलंत तर नव्या पत्त्यावर टाका. तो लिहून देत नाही, तुम्हाला पाठ आहे.

तुमचा भाचा